खाली पेट

आमच्या नात्यातल्या एखाद्या पोरीला दिवस गेले की तिची आई नाही तर सासू मला हमखास विचारते, पहिल्या महिन्यांत काय काय खायला द्यावं हो? मी या बाबतीत जाणकार आहे असा सगळ्यांचा समज कसा झाला कोण जाणे. मी सांगते, दूध द्या, पालेभाजी द्या, गूळ-फुटाणे द्या, मिळेल ते फळ द्या. पण सकाळी उठल्या उठल्या द्या, आणि तुमच्या आधी द्या. हे शेवटचं ऐकून बायका हसतात. म्हातारीच्या जिभेला धार आहे म्हणतात. धार आहेच. ती कुठल्या दगडावर लागली ते आता लिहून टाकते, कारण तो दगड माहीत असलेली माणसं एकेक करून गेली.

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या गावात हिंदी बोलणारा माणूस म्हणजे वर्षातून एकदा येणारा कल्हईवाला, आणि तोही भाव करताना मराठीवर यायचा. मी मराठी सातवी पास झाले होते, पाढे आणि व्यंकटेशस्तोत्र पाठ होतं, आणि तेवढ्या भांडवलावर मला इंदूरला दिलं. संस्थान नुकतंच विलीन होऊन मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं होतं. सासरे संस्थानच्या दफ्तरात होते, ते घरी बसले. यजमान नव्या राज्याच्या दफ्तरात कारकून झाले. या नव्या राज्याची राजधानीसुद्धा एका जागी बसत नसे. उन्हाळ्यात ती इंदूरला असे आणि थंडी पडली की कागदपत्रं, कारकून, सगळं ग्वाल्हेरला जाई. त्यामुळे माझा नवरा मला वर्षातून अर्धाच मिळे.

आम्ही मल्हारगंजात एका कापडाच्या दुकानावरच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. समोरच्या हलवायाची कढई सकाळीच चढायची. जिलबीचा वास जिना चढून थेट स्वयंपाकघरात यायचा आणि दुपारपर्यंत तिथंच मुक्काम करायचा. घरात आम्ही तिघंच, सासरे, सासूबाई आणि मी. सासूबाई मूळच्या इंदूरच्या, माहेर-सासर दोन्ही इथलंच. भाजीवालीशी माळवीत, शेजारणीशी हिंदीत आणि देवाशी मराठीत बोलायच्या. माझ्याशी बोलताना तिन्हींची मिसळ असे. मला निम्मं कळायचं, उरलेलं मी त्यांच्या तोंडाकडे बघून ताडायची.

त्या घरातला नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा. सकाळी अंघोळ करून ओलेत्यानं सोवळं नेसायचं आणि चुलीपुढे बसायचं. सोवळ्यात असलेल्या बाईनं पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही. सासऱ्यांची पूजा दोन-दोन तास चाले. मग नैवेद्य, मग सासऱ्यांचं जेवण, मग त्यांचा विडा. मग सासूबाई बसायच्या आणि त्यांचं आटोपलं की मी. तोवर उन्हं कलायला लागलेली असत. सासूबाईंचे गुडघे धरले होते, त्यामुळे मी माप ओलांडलं त्या आठवड्यातच सोवळं माझ्या अंगावर आलं. त्यांनी कित्येक वर्षं ते ओढलं होतं, आता माझी पाळी. तक्रार करायचं मला सुचलंही नाही. माहेरी आई तरी कुठं आधी जेवायची? पण आई येता-जाता शेंगदाणे तोंडात टाकायची आणि आम्हालाही द्यायची. इथं शेंगदाण्याची बरणी ओवळ्यात होती आणि मी सोवळ्यात.

पहिल्यांदा दिवस राहिले ते थंडीत. यजमान ग्वाल्हेरला होते. सकाळी उठलं की तोंडाला पाणी सुटायचं, चुलीचा धूर नाकात गेला की पोटातून ढवळून यायचं आणि पोटात तर पडायला काही नसायचं. कोरड्या उलट्यांनी बरगड्या दुखायच्या. सासूबाईंनी चार दिवस बघितलं आणि समजल्या. मला देवघराशेजारी बसवून त्यांनी हळू आवाजात बजावलं की तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरेपर्यंत हे कुणाला कळता कामा नये. सासऱ्यांना नाही, शेजारणीला नाही, ग्वाल्हेरलाही इतक्यात काही कळवायचं नाही. कळलं की दृष्ट लागते. चोरओटी म्हणजे घरातल्या बाईनं गुपचूप भरायची ओटी, हिरवा खण, सुपारी, तांदूळ. खण त्यांच्या पेटीत तयारच होता, तो त्यांनी मला दाखवला. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल चांगलं फारसं लिहिणार नाही.

एके दिवशी सकाळी वरणाला फोडणी देताना मला घेरी आली. पदर चुलीत जायचा तो थोडक्यात वाचला. सासूबाई घाबरल्या. दुपारी त्यांनी सासऱ्यांना सांगितलं की सूनबाईला खजराण्याच्या गणपतीला नेऊन आणते, आणि टांगा करून मला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाई फाळणीनंतर तिकडून आलेल्या पंजाबी होत्या. उंच, गोऱ्या, केस आखूड कापलेले, आणि बोलणं असं भरधाव की मला त्यांचं नमस्तेसुद्धा दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा कळलं. त्यांनी मला तपासलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली, आणि मग सासूबाईंशी बोलत राहिल्या. त्यातलं दूध कळलं, पालक कळला, गुड म्हणजे गूळ असणार हे कळलं. सासूबाई मान डोलवत होत्या. उठताना डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, बोट नाचवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाल्या, "और सुनो, खाली पेट बिलकुल मत रहना।"

वाचणाऱ्याला अर्थ कळला असेल. आज इंदुरातच काय, पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही कळेल. मला तेव्हा खाली म्हणजे वर-खाली मधलं खाली एवढंच माहीत होतं, आणि पेट म्हणजे पोट असणार हे बाईंच्या हातावरून कळलं. टांग्यात बसल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "आई, पोट खाली करू नको म्हणाल्या का त्या? म्हणजे पालथं झोपायचं नाही?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. टांगा पुष्कळ पुढं गेला असेल. मग म्हणाल्या, "हो. पालथी नको झोपूस."

"ध"चा "मा" करायलाही कुणाला तरी हातात लेखणी घ्यावी लागली होती. इथं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. मी चुकीचं समजले होते आणि त्यांनी फक्त हो म्हटलं.

बाकीचं त्यांनी पाळलं, तेही सांगायला हवं. दिवेलागणीला सासरे खाली दुकानाच्या ओट्यावर गप्पांना गेले की त्या मला पेलाभर दूध द्यायच्या आणि पटकन पी म्हणायच्या. दुपारी भांडी घासताना माझ्या पदरात मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा टाकून तोंड फिरवायच्या. पालकाची भाजी आठवड्यातून दोनदा होऊ लागली. सासरे एकदा म्हणाले की हल्ली हिरवं फार होतंय, तर त्यांनी बाजारात तेच मिळतं म्हणून सांगितलं. लपवून जेवढं देता येईल तेवढं त्यांनी दिलं. लपवता न येणारी एकच गोष्ट होती, सकाळचं खाणं. मी सकाळी खाल्लं तर मी सोवळ्यात चालणार नाही, मी सोवळ्यात नाही तर चुलीशी कोण, आणि चुलीशी सासूबाई का बसल्या हे सासऱ्यांना काय सांगायचं? त्या एका घासानं सगळं घर उलटं झालं असतं. म्हणून तो घास तेवढा त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या दारातच ठेवला. सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्यांनी कधी काही माहीत करून घेतलंही नाही. पुरुषमाणसाचं हे एक सुख असतं.

मी मात्र डॉक्टरीणबाईंचा शब्द खाली पडू दिला नाही. लहानपणापासून मला पालथं झोपायची सवय. उशीत तोंड खुपसल्याशिवाय डोळा लागायचा नाही. ती सवय मोडायला मी पातळाच्या निऱ्यांत, बरोबर बेंबीखाली, एक सुपारी गाठ मारून बांधली. कूस वळून पालथी व्हायला लागले की ती टोचायची आणि मी जागी व्हायची. असं किती वेळा जागी झाले असेन! पहाटे उठायची तेव्हा डोळे चुरचुरत असायचे, पोटाला सुपारीचा वळ असायचा, आणि मग ओलेतं नेसून मी रिकाम्या पोटानं चुलीपुढे बसायची. संकष्टीला तर चंद्र दिसेपर्यंत. पोटात कावळे ओरडत असताना मी मनात म्हणायची, निदान पालथी तरी झोपले नाही. केवढं समाधान वाटायचं मला!

एका पहाटे मात्र जाग आली तेव्हा मी पालथी होते. सुपारी गाठीतून सुटून अंथरुणात पडली होती. मी ती उचलली, पुन्हा बांधली आणि कुणाला काही बोलले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, चोरओटीचा दिवस ठरायच्या बेतात असताना, माझ्या पोटातलं पडलं. दुपारची वेळ होती, भांडी घासायला बसले होते. त्याचं वर्णन मी करणार नाही. सासूबाईंनी सगळं निस्तरलं, मला न्हाऊ घातलं, बाजेवर निजवलं. डॉक्टरीणबाईंना बोलावलं नाही, ओळखीची सुईण आली. हिरवा खण पेटीतच राहिला.

आणि मग, जे कुणाला कळायचं नव्हतं ते सगळ्यांना कळलं. पोट राहिलं होतं हे कळलं ते गेल्यावरच. समाचाराला बायका यायच्या. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि बाहेर सासूबाई सांगायच्या, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं हो, पालथी झोपू नकोस म्हणून. पण तरणी पोर, ऐकते का? प्रत्येकीला हेच आणि याच शब्दांत. बायका चुकचुकायच्या. एकजण दारातून डोकावून मला म्हणाली की आता तरी मोठ्यांचं ऐकत जा. मी मान हलवली. कारण मलाही ते खरंच वाटत होतं. सुटलेली सुपारी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

यजमान ग्वाल्हेरहून सुट्टी घेऊन आले. आधी आईजवळ बसले, मग माझ्याकडे आले. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी विचारलं, "तू पालथी झोपत होतीस?"

मी म्हटलं, "एकदा झोपले होते."

ते उठून खिडकीपाशी गेले. त्यांनी मला दोष दिला नाही, शिव्या दिल्या नाहीत, पुष्कळ बायकांच्या नशिबी येतं तसलं काहीच झालं नाही. फक्त माझं "एकदा" त्यांनी ऐकलं आणि मनात ठेवून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं संन्याशानंच पुढं होऊन गळा दिला होता.

पुढच्या दोन वर्षांत मी हिंदी शिकले. शिकले म्हणजे अंगाला लागलं. एकदा सासूबाई म्हणाल्या की ती तेलाची बरणी खाली कर, तर मी ती फळीवरून उतरवून जमिनीवर ठेवली. त्या हसून हसून बेजार झाल्या. खाली म्हणजे रिकामी गं, दुसऱ्या भांड्यात ओत. मीही हसले. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. याचं मला पुढं फार नवल वाटलं, पण त्यात नवल काही नाही. डॉक्टरीणबाईंचं वाक्य मी हिंदीत जपून ठेवलंच नव्हतं. ते माझ्याजवळ मराठीत होतं, पालथी झोपू नकोस असं, आणि ते वाक्य इतक्या वेळा मनात घोकलं होतं की त्याखाली दुसरं काही असेल असं वाटणंच शक्य नव्हतं.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा उन्हाळा होता आणि राजधानी इंदूरला होती, म्हणजे यजमानही. तरी डॉक्टरीणबाईंकडे मला सासूबाईंनीच नेलं, बायकांच्या कामात पुरुषाचं काय काम म्हणून. तीच खोली, तेच बाक. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, नखं पाहिली. या वेळी मला सगळं कळत होतं. थोडं थोडं खा, पुन्हा पुन्हा खा, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी काहीतरी तोंडात घाल, सुकी रोटी चालेल, मग मळमळ कमी होईल. आणि उठताना त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, बोट नाचवलं आणि म्हणाल्या, "खाली पेट बिलकुल मत रहना।"

तोच हात, तेच बोट, तोच आवाज. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे टक लावून बघत होत्या.

मी डॉक्टरीणबाईंना माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं की उलटं, म्हणजे पोटावर झोपल्यानं पहिल्या महिन्यांत पोट पडतं का? त्या हसल्या. इतक्या सुरुवातीला कशीही झोप, म्हणाल्या, त्यानं काही होत नाही. मी विचारलं, मग उपाशी राहिल्यानं? पहिलं त्यामुळे गेलं का? आता त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "न इससे, न उससे। कभी-कभी नहीं ठहरता, बेटी। किसी का दोष नहीं होता।"

खाणं कशासाठी, तर तुझ्या अंगात ताकद राहावी म्हणून, तू चक्कर येऊन पडू नयेस म्हणून, पुढं बाळाला लागेल म्हणून, असं त्यांनी समजावलं. मी ऐकत होते. माझ्या कानांत तेवढंच एक वाक्य घुमत होतं. किसी का दोष नहीं होता. दोन वर्षं मी पालथं झोपल्याचा दोष वाहत होते, आणि तो दोषच नव्हता. डॉक्टरीणबाई त्याबद्दल कधी एक शब्द बोललेल्याही नव्हत्या.

टांग्यात मी बोलले. "आई, बाई तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या. उपाशी राहू नको म्हणाल्या होत्या."

सासूबाई म्हणाल्या, "मालूम होतं मला." त्यांनी नाही म्हटलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. "तूच म्हणालीस पालथं झोपायचं नाही का, मी हो म्हणाले. नाही तर चुलीशी कोण बसणार होतं? मी? ह्या घुटन्यांनी?"

मी म्हटलं, ते एक वेळ राहू द्या. पण नंतर तुम्ही सगळ्यांना तेच का सांगितलंत? ह्यांनासुद्धा?

त्या म्हणाल्या, "मग काय सांगायचं होतं? कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं ना. माझ्या वेळी माझं घेतलं होतं."

त्यांचं काय गेलं होतं, केव्हा, कुणी नाव घेतलं होतं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. इथं मला त्यांची दया आली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मला दया आली नाही. जिला स्वतःला ते ठाऊक होतं तिनं तर ते मुळीच करायला नको होतं, असंच मला वाटलं, आणि या वयातही तसंच वाटतं. मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. हे तुमच्या मुलाला सांगा. बाकी जगाचं मला काही नाही, ह्यांना तेवढं सांगा की मी काही केलं नव्हतं.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "मौका बघून सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं आणि सोवळं न नेसता स्वयंपाकघरात गेले. रात्रीची भाकरी होती. ती गुळाबरोबर खाल्ली, वर पेलाभर दूध घेतलं. दाराशी सासरे उभे होते, पूजेचा तांब्या हातात. मी त्यांच्याकडे पाहत पाहत शेवटचा घास चावला. तो घास उतरला. त्यांनी सासूबाईंना हाक मारली. सासूबाई उठल्या, अंघोळीला गेल्या आणि ओलेत्यानं येऊन, गुडघे धरत धरत, चुलीपुढे बसल्या. पुढचे सगळे महिने त्याच बसल्या. बसताना आणि उठताना कण्हायच्या, ते मला ऐकू यायचं. मी आपली खोलीत बसून फुटाणे खात असायची. चोरओटी भरताना त्यांनी तोच हिरवा खण काढला. घडीवर पिवळी रेघ पडली होती.

मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला आलेल्या बायकांना सासूबाईंनी सांगितलं की सुनेला मी पहिल्या दिवसापासून काही कमी पडू दिलं नाही. बायका म्हणाल्या, सासू असावी तर अशी.

आणि मौका काही आला नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. दर वेळी ग्वाल्हेरला निघायच्या आधी मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघायची आणि त्या दुसरीकडे बघायच्या. शेवटी मीच यजमानांना सांगितलं. मुलगी मांडीवर झोपली होती. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, मी काय समजले, आई कशाला हो म्हणाल्या, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"आईच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल," ते म्हणाले. "झालं गेलं. आता पोर आहे ना मांडीवर?"

मी म्हटलं, त्यांनी स्वतः कबूल केलंय. ते म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला टांग्यात पकडून उलटतपासणी घेतली तर ते काहीही कबूल करील. विषय तिथं संपला. पुढं सासरे गेले, सासूबाई गेल्या. मध्य भारतही गेला, मध्य प्रदेश झाला आणि यजमानांची बदली भोपाळला झाली. सासूबाईंचं शेवटचं आजारपण मीच काढलं. वेळच्या वेळी खायला घातलं. मौका तेव्हाही पुष्कळ होता. यजमान उशाशीच बसलेले असत.

ही सगळी जुनी गोष्ट. मीही ती एव्हाना पेटीच्या तळाशी टाकली असती. पण निवृत्तीनंतर आम्ही पुन्हा इंदूरला आलो आणि आमची तीच मुलगी पहिल्या खेपेला माहेरी राहायला आली. तिसरा महिना लागायचा होता. तिला सकाळी मळमळायचं म्हणून मी तिच्या उशाशी बिस्किटं आणि फुटाण्यांची वाटी ठेवत असे. त्या दिवशी ती चहा घ्यायला बाहेर आली आणि नेहमीच्या सवयीनं कोचावर पालथी पडली. सवय माझीच, रक्तातून गेलेली. यजमानांनी चष्मा काढला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. फार मायेनं ठेवला.

"उताणी हो बेटा," ते म्हणाले. "पालथं झोपू नये या दिवसांत. तुझ्या आईनं तीच चूक केली होती."

मुलगी उठून बसली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात तिचं दूध होतं. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. टांगा, डॉक्टरीणबाई, सुपारी, सगळं. पण दूध गरम होतं आणि पोरीच्या पोटात सकाळपासून काही गेलं नव्हतं.

मी पेला तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आधी पी."